लाल कड्यांच्या गावाला
दोस्तांनो, आपल्या सोलापूरकडचा दगड काळा, लाव्हारसाचा. पण हुबळीकडे जाणाऱ्या गाडीत बसा, विजापूर, बागलकोट मागे टाका आणि बदामीला उतरा. समोर लालबुंद कडे! हा वालुकाश्म, वाळूचे कण घट्ट बसून झालेला. चालुक्यांनी यातच लेणी कोरली. तिसऱ्या लेण्यातला शिलालेख इ. स. 578चा. लेण्यांवर चढायचं नाही हं! चढाईचे कडे वेगळे. तिथे कातळात ठोकलेल्या बोल्टांना दोर अडकवत गिर्यारोहक वर सरकतात.

पाऊस पडून गेला असेल, तर मात्र थांबायचं. भिजलेला वालुकाश्म कमजोर होतो, हाताची पकडच तुटून येते. वरून कोरडा दिसला तरी आत ओल असते. शिकवणारी ताई 'आज नाही' म्हणाली, की मुकाट्यानं लेणी बघायला चला. डबा तेवढा सांभाळा, माकडं टपलेलीच असतात!