संगीतयंत्रांची ध्वनिमर्यादा आणि व्यंजनांचे श्रवण

जवळ बाळगावयाच्या संगीतयंत्रांच्या कमाल आवाजावर मर्यादा असावी काय, हा प्रश्न सामान्यतः वैद्यकाचा किंवा अभियांत्रिकीचा मानला जातो. भाषेच्या अभ्यासकालाही त्याच्याशी कर्तव्य आहे, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. ध्वनिमुद्रणे हेडफोनमधून पुनःपुन्हा ऐकून त्यांचे ध्वनिलेखन करणे हे आपल्या शास्त्रातील नित्याचे काम होय. ज्या इंद्रियाच्या भरवशावर हे काम चालते, त्याच्याच झिजेचा हा प्रश्न आहे.

1979 साली सोनी कंपनीचा वॉकमन जपानमध्ये विक्रीस आला आणि चालता-फिरता एकट्याने संगीत ऐकण्याची सवय जगभर रुजली. पुढे 2001 मध्ये आयपॉड आला; आज मोबाइल संच हेच बहुतेकांचे संगीतयंत्र झाले आहे. कॅसेट बदलावयास नको व विजेरीही दीर्घकाळ टिकते, त्यामुळे ऐकण्याचे तास वाढले. फ्रान्सने 1996 साली कायदा करून अशा यंत्रांच्या आवाजास 100 डेसिबलची मर्यादा घातली. या मर्यादेमुळे 2002 साली आयपॉडची त्या देशातील विक्री काही काळ थांबली आणि यंत्रातील आज्ञावली बदलल्यानंतर ती पुन्हा सुरू झाली. 2008 साली युरोपीय आयोगाच्या शास्त्रीय समितीने असे अनुमान मांडले की, पाच वर्षे वा अधिक काळ दररोज एका तासाहून जास्त वेळ मोठ्या आवाजात ऐकणाऱ्यांना कायमच्या श्रवणहानीचा धोका संभवतो, आणि अशांचे प्रमाण एकूण श्रोत्यांत 5 ते 10 टक्के असावे. त्यानंतर युरोपीय मानकाने 85 डेसिबल ही यंत्राची मूळ मर्यादा ठरविली. श्रोत्याने जाणूनबुजून ती ओलांडली तर त्याला इशारा द्यावयाचा, तो श्रवणाच्या दर 20 तासांनी पुन्हा द्यावयाचा, आणि कोणत्याही परिस्थितीत 100 डेसिबलच्या पलीकडे जाऊ द्यावयाचे नाही, अशी ही योजना आहे.

येथे एक शंका सहज उद्भवते. 85 आणि 100 या आकड्यांतील अंतर वरकरणी अल्प दिसते; मग दोन मर्यादांचा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर डेसिबलच्या स्वरूपात आहे. हे माप बेरजेचे नसून गुणाकाराचे आहे. 3 डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, 10 वाढले की दसपट, आणि 20 वाढले की शंभरपट. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी 2018 साली संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या मानकात प्रौढांसाठी आठवड्याची मात्रा 80 डेसिबलला 40 तास अशी दिली आहे. बालकांसाठी ती 75 डेसिबलला तितकेच तास आहे. ऊर्जेच्या हिशेबाने प्रौढांची ही मात्रा 83 डेसिबलला 20 तासांत, 86 ला 10 तासांत आणि 89 ला 5 तासांत संपते. 100 डेसिबलला तर ती अवघ्या 24 मिनिटांत संपते. म्हणजे कायद्याने घातलेले छत न ओलांडताही आठवड्याची मात्रा एका बैठकीत उरकता येते. तात्पर्य, केवळ कमाल आवाज बांधून भागत नाही. आवाज आणि काळ यांचा गुणाकार मोजला पाहिजे. नव्या मानकांचा रोख याच दिशेने आहे, आणि आज अनेक मोबाइल संच अशी साप्ताहिक नोंद ठेवतात.

या नोंदीलाही मर्यादा आहेत. यंत्राला ठाऊक असतो तो स्वतःहून बाहेर पडणारा विद्युत्संकेत. कानाशी प्रत्यक्ष किती दाब निर्माण झाला हे इअरफोनच्या संवेदनशीलतेवर अवलंबून असते. एकाच संकेतावर दोन भिन्न इअरफोन भिन्न पातळीचा आवाज देतात. शिवाय आगगाडीत किंवा रहदारीत ऐकणारा श्रोता भोवतालचा गोंगाट झाकण्यासाठी आवाज वाढवितो. यंत्रातील मर्यादा त्याला अडवील. पण त्याने आवाज का वाढविला, ते कारण ती दूर करू शकत नाही.

आता हानीचे स्वरूप पाहू. अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेत सूक्ष्म रोमपेशींची रांग असते. नलिकेच्या मुखाजवळच्या पेशी उच्च वारंवारतेला व आतील टोकाच्या पेशी नीच वारंवारतेला प्रतिसाद देतात. माणसात या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने होणारी हानी बहुधा 3,000 ते 6,000 हर्ट्झच्या पट्ट्यात, विशेषतः 4,000 च्या आसपास, प्रथम प्रकट होते. स्वरांची बहुतेक ऊर्जा याच्या बरीच खाली असते; अघोष घर्षकांची मात्र याच प्रदेशात किंवा त्याच्या वर असते. म्हणूनच असा मनुष्य “ऐकू येते, पण कळत नाही” अशी तक्रार करतो. बोलणाऱ्याचा आवाज त्याला पोहोचतो, शब्दांच्या कडा मात्र पोहोचत नाहीत.

मराठीच्या अभ्यासकाला याचे महत्त्व अधिक आहे. ‘स’ आणि ‘श’ यांतील भेद घर्षणाच्या उंचीचा आहे. ‘थोडे’ या अर्थाचा ‘जरा’ आणि ‘वार्धक्य’ या अर्थाचा ‘जरा’, संख्यावाचक ‘चार’ आणि ‘गुरांना चारा चार’ यातील क्रियापद, या जोड्यांतील दंत्य व तालव्य उच्चारांचा भेदही बऱ्याच अंशी त्याच जातीचा आहे. लेखनात हा भेद दाखविला जात नाही; तो कानानेच टिपावयाचा असतो. शेजारच्या स्वरांतील संक्रमणे आणि वाक्याचा संदर्भ यांचे साहाय्य होते, हे खरे. परंतु अपरिचित बोलीचे ध्वनिलेखन करताना संदर्भाने भरून काढलेला ध्वनी हा पुरावा नसतो, अनुमान असते. आणि ज्याचा कान उणावला आहे त्याला आपण अनुमान करीत आहोत हे बहुधा जाणवतही नाही.

यावरून आपल्या कामापुरते काही नियम निघतात. मुद्रण अस्पष्ट असेल तर आवाज वाढविण्याचा मोह टाळावा. क्षेत्रकार्यातच ध्वनिग्राहक वक्त्याच्या जवळ ठेवावा, ध्वनिलेखन शांत खोलीत करावे, बाहेरचा गोंगाट अडविणारा हेडफोन वापरावा, आणि यंत्रावरील मर्यादा काम सुरू करण्यापूर्वीच निश्चित करावी. कारण ऐकण्यात गढून गेलेल्या माणसाला आवाज वाढल्याचे भान राहत नाही. आठवड्याच्या हिशेबात विरंगुळ्याचे संगीत आणि कामाचे श्रवण एकत्रच धरावे लागेल. कानाला दोहोंचे खाते एकच असते.