मचाणावरची वही
तिवसा ज्या अमरावती जिल्ह्यात आहे, त्याच्याच उत्तर भागात, सातपुड्याच्या डोंगरात मेळघाट व्याघ्र प्रकल्प आहे. १९७३-७४ साली देशात जे पहिले ९ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांपैकी हा एक. गुगामल राष्ट्रीय उद्यान त्याच्याच पोटात येते. येथे वैशाख पौर्णिमेच्या रात्री हौशी नागरिक पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसतात आणि दिसेल तो प्राणी वहीत टिपतात.

वैशाखच का? तोवर सागाची पाने झडलेली असतात, नाले आटतात आणि उरलेल्या पाण्यावर जनावरांना यावेच लागते. शिवाय चांदण्यात विजेरीची गरज नसते.

याला लोक प्राणिगणना म्हणतात. पण ही खरी गणना नव्हे. एकच अस्वल दोन पाणवठ्यांवर गेले तर दोनदा लिहिले जाते, न आलेले सांबर मुळीच लिहिले जात नाही. म्हणूनच वनविभाग याला ‘निसर्गानुभव’ म्हणतो. वाघांची मोजणी जंगलात कॅमेरे लावून, पट्टे ताडून होते. दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात.

मग या वहीचा उपयोग काय? तोच पाणवठा वर्षानुवर्षे पाहिला, तर तेथे काय वाढले, काय घटले याचा अंदाज येतो. तेव्हा ‘काही दिसले नाही’ हीसुद्धा नोंदच. कंटाळून मनानेच एखादे रानडुक्कर लिहिणारा मदतनीस नसलेला बरा!

पैशाने मदत करायची असेल, तर २००६ सालच्या कायदादुरुस्तीने व्याघ्र प्रकल्पांसाठी प्रतिष्ठानांची तरतूद झाली आहे. त्यांना देणगी स्वीकारता येते. मचाणासाठी मात्र वनविभागाकडे नाव नोंदवावे लागते. भडक कपडे आणि अत्तर घरीच ठेवावे.