हुकूमनामा : शब्द आणि त्यामागील अर्थ

वसुलीचा दावा जिंकला की ‘निकाल आपल्या बाजूने लागला’ असे म्हणून व्यापारी निश्चिंत होतो. मात्र बोलण्यातल्या या एका ‘निकाला’ची दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मध्ये दोन अंगे आहेत. न्यायाधीशांनी कारणांसह दिलेला निर्णय म्हणजे न्यायनिर्णय. त्यानुसार पक्षकारांचे हक्क निश्चित करून कोणी कोणास काय द्यावे, हे सांगणारा औपचारिक लेख म्हणजे हुकूमनामा, अर्थात डिक्री. वसुली होते ती या हुकूमनाम्यावर.

या शब्दाचे कूळ मोठे बोलके आहे. ‘हुक्म’ हा अरबी शब्द; हाकीम आणि हुकूमत हे त्याच धातूचे. ‘नामा’ हा फारसी, त्याचा अर्थ पत्र किंवा लेख. करारनामा आणि जाहीरनामा यांत तोच आढळतो. ‘डिक्री’चे मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ ‘ठरविलेली गोष्ट’. आपल्या स्मृतिग्रंथांत वाद जिंकणाऱ्यास मिळणाऱ्या लेखाला ‘जयपत्र’ म्हटले आहे. जयपत्र विजयाची ग्वाही देते. हुकूमनामा आज्ञा करतो, आणि आज्ञा अमलात आणवून घ्यावी लागते.

ऋणको आपणहून पैसे देत नसेल, तर हुकूमनामाधारकाने बजावणीसाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रातील न्यायालयांत त्यास ‘दरखास्त’ म्हणतात. ती दाखल झाल्यावर जप्ती, लिलाव असे मार्ग खुले होतात. हिंदुस्थानातील पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावरच सुरू होतात, अशा आशयाचे उद्गार प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच काढले होते.

दोन गोष्टी विशेष ध्यानी ठेवाव्यात. मुदत अधिनियम, १९६३ नुसार पैशाच्या हुकूमनाम्याची दरखास्त तो अंमलबजावणीयोग्य झाल्यापासून १२ वर्षांत दाखल करावी लागते. त्यानंतर तो कपाटातील निव्वळ कागद ठरतो. दुसरी गोष्ट ऋणकोच्या हिताची. हुकूमनाम्यानंतर न्यायालयाबाहेर परस्पर दिलेल्या रकमेची नोंद न्यायालयात झाली नसेल, तर बजावणी करणारे न्यायालय ती विचारात घेत नाही. ही नोंद करवून घेण्यासाठी ऋणकोस रक्कम दिल्यापासून ३० दिवसांची मुदत असते.

म्हणून खातेवहीत येणे रकमेशेजारी हुकूमनाम्याची तारीखही लिहून ठेवावी. पुढील पिढीच्या हाती पेढी जाते, तेव्हा हीच एक ओळ बुडणारे येणे वाचवू शकते.