विमापत्राची भाषा

आयुर्विम्याचे विमापत्र बहुतेक घरांत जपून ठेवले जाते. वाचले मात्र क्वचितच जाते. कर्त्या माणसाच्या पश्चात ते उघडले जाते, तेव्हा कुटुंबाला मिळावयाची रक्कम त्यातील एखाद्या शब्दावर अवलंबून असते. विमापत्र हा विमेदार व विमा कंपनी यांच्यातील करार होय. प्रतिनिधीच्या तोंडी आश्वासनापेक्षा करारातील मजकुरालाच दाव्याच्या वेळी महत्त्व असते. म्हणून त्यातील प्रमुख संज्ञांची ओळख असणे अगत्याचे आहे.

प्रस्तावपत्र

विम्यासाठी भरावयाचा अर्ज म्हणजे प्रस्तावपत्र. वय, व्यवसाय, पूर्वीचे आजार यांची त्यातील माहिती हा कराराचा पाया असतो. २०१५ साली सुधारलेल्या विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ४५ नुसार तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणास्तव विमापत्राच्या वैधतेला आव्हान देता येत नाही. त्यापूर्वी मात्र दडविलेला आजार दावा नाकारण्यास कारण ठरू शकतो. बंद पडलेले विमापत्र पुन्हा सुरू केल्यास ही तीन वर्षे नव्याने मोजली जातात.

हप्ता थकल्यास

हप्त्याची तारीख उलटल्यावर सवलतीची मुदत मिळते. मासिक हप्त्यासाठी ती १५ दिवसांची, तर तिमाही, सहामाही व वार्षिक हप्त्यांसाठी ३० दिवसांची असते. या मुदतीत मृत्यू झाल्यास थकलेला हप्ता वजा करून दावा मिळतो. मुदत संपल्यावर विमापत्र बंद पडते. मात्र करारात नमूद केलेले किमान हप्ते भरलेले असल्यास बचतीचे विमापत्र ‘पेड-अप’ अर्थात चुकते होते. समजा, २० वर्षांच्या दोन लाख रुपयांच्या विम्याचे पाचच वार्षिक हप्ते भरले, तर विम्याची रक्कम सर्वसाधारणपणे त्याच प्रमाणात घटून पन्नास हजार रुपये उरते. मुदतीपूर्वीच विमापत्र कंपनीला परत केल्यास मिळणारी रक्कम म्हणजे समर्पण मूल्य. आरंभीच्या वर्षांत ते भरलेल्या हप्त्यांहून कमी असते.

नामनिर्देशन आणि अभिहस्तांकन

मृत्यूनंतर रक्कम कोणी स्वीकारावी, हे नामनिर्देशनाने ठरते. नामनिर्देशित व्यक्ती अज्ञान असल्यास तिच्या वतीने रक्कम स्वीकारणाऱ्या सज्ञान व्यक्तीचीही नोंद करावी. विवाहानंतर ही नोंद तपासून पाहावी. अभिहस्तांकन म्हणजे विमापत्रावरील हक्क दुसऱ्याकडे सोपविणे. कर्जासाठी विमापत्र बँकेच्या नावे केल्यास आधी बँकेचे येणे भागते.

विचारासाठी तीस दिवस

विमापत्र हाती आल्यापासून ३० दिवसांत अटी न पटल्यास ते परत करता येते. काही खर्च वजा करून हप्ता परत मिळतो. पुढे दाव्याबाबत कंपनीकडून समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत.

गावात अनेकांची प्रस्तावपत्रे शिक्षक किंवा पंचायत सदस्य भरून देतात. अर्जदाराच्या अंगठ्यापूर्वी प्रत्येक प्रश्न त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगणे व त्याचे खरे उत्तर लिहिणे, ही त्यांची मोठीच जबाबदारी आहे. त्या उत्तरांवरच पुढे एखाद्या कुटुंबाचा आधार टिकणार असतो.