धुराचे वस्त्रगाळ

पुणे रस्त्याने सोलापूरकडे येताना चिंचोळी एमआयडीसीच्या चिमण्या दिसल्या, की शेजारचा प्रवासी हमखास विचारतो, "या धुराचं कोणी काही करत नाही का?" मी धूर गाळणारी यंत्रे बसवतो, म्हणून उत्तर मलाच द्यावे लागते. करणारे वाढले आहेत. पूर्वी कारखानदार नोटीस आल्यावर आमच्याकडे येत. आता बॉयलरची मागणी नोंदवतानाच येतात.

हवेचा कायदा 1981 चा आहे, पण देखरेख अलीकडे वाढली. 2014 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औषधे, साखर, आसवनी अशा 17 प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मोजमापाची सक्ती केली. 2017 मध्ये राज्य मंडळ चिमणीच्या धुरावरून कारखान्यांना तारे देऊ लागले. 2019 च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात, हवेचे निकष न गाठणाऱ्या शहरांत सोलापूरचेही नाव आले.

यंत्रे मुख्यतः तीन. सायक्लोनच्या शंकूत धूर गरगर फिरतो. जड कण कडेला आपटून खाली पडतात. रसायनाच्या कारखान्यातली आम्लाची वाफ अशी पडत नाही. तिच्यावर स्क्रबरमध्ये कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा फवारा मारतात. तिसरा बॅग फिल्टर. आपली आजी औषधाची पूड वस्त्रगाळ करी, तसा हा धूर कापडी पिशव्यांतून गाळतो. गंमत अशी, की कापडावर साचलेला धुळीचा पातळ थरच सर्वांत बारीक कण अडवतो. हेच कण फुप्फुसात खोलवर जातात.

पण यंत्र बसवले की काम संपले, असे नाही. एका कारखान्यात मालकांनी खर्च वाचवायला फिल्टरच्या आधीचा सायक्लोन वगळला. मीही हो म्हटले. काही महिन्यांनी गेलो, तर मॅनोमीटरवरचा दाब 120 मिलिमीटरवरून 40 वर आलेला. बॉयलरवरचा मुलगा खुशीत म्हणाला, "साहेब, फिल्टर मोकळा झाला!"

मोकळा झालाच होता. भट्टीतल्या ठिणग्यांनी पिशव्यांना भोके पडली होती. पॉलिएस्टरची पिशवी सुमारे 130 अंशांपर्यंतच टिकते. ठिणगीपुढे तिचे काय चालणार? पिशव्या तुंबल्या की दाब चढतो आणि फाटल्या की एकदम उतरतो, हे त्या मुलाला कोणी सांगितलेच नव्हते. सांगायचे काम माझे होते. रात्रपाळीचे कामगार मात्र आठ दिवस सकाळी दुचाकीच्या सीटवरची काजळी पुसून घरी जात होते.

पुढे सायक्लोन बसला, नव्या पिशव्या आल्या. आता यंत्र सुपूर्द करताना मी आधी बॉयलरवरच्या माणसाला मॅनोमीटरजवळ नेतो आणि दर पाळीला आकडा लिहायची वही त्याच्या हाती देतो. मालकांची सही त्यानंतर.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)