औंधची एक दिवसाची सहल

ऐतिहासिक सहल म्हटली की आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे रायगड येतो, प्रतापगड येतो, फार तर कोल्हापूरचा राजवाडा येतो. औंधचे नाव सहसा कोणी घेत नाही. पुण्याच्या मुलाला तर औंध म्हटले की शहराचे उपनगरच आठवते! मी म्हणतो ते औंध सातारा जिल्ह्यातले, खटाव तालुक्यातले. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे एस. टी.ने चाळीस-बेचाळीस किलोमीटरचे अंतर. सकाळी निघावे, दिवसभर पाहावे, संध्याकाळी घरी. सोबत शिदोरी आणि पाणी असले म्हणजे झाले.

अशाच एका सहलीत वाडा पाहून बाहेर पडताना एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, राजवाडा राजवाडा म्हणतात तो एवढाच?" प्रश्न रागावण्यासारखा नव्हता. सिनेमातले राजवाडे पाहिलेल्या डोळ्यांना हा वाडा साधाच वाटणार. पण या प्रश्नाचे उत्तर वाड्यात उभे राहून देता येत नाही. त्यासाठी शेजारचा डोंगर चढावा लागतो. तुम्हीही चला.

आधी थोडा इतिहास सांगतो. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला असताना 'प्रतिनिधी' हे पद निर्माण झाले. पुढे ते परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात वंशपरंपरेने चालले, आणि इंग्रजी अमलात या घराण्याचे औंध हे लहानसे संस्थान झाले. लहान म्हणजे किती? अवघी बहात्तर गावे! तीही एका जागी नाहीत. थोडी औंधभोवती, थोडी आटपाडीकडे, थोडी कुंडलकडे आणि काही तर दूर विजापूरच्या बाजूला गुणदाळला. सांडलेल्या दाण्यांसारखी विखुरलेली.

गावात वाड्याला लागूनच यमाईचे देऊळ आहे. त्याच्यासमोरची उंच दीपमाळ मान वर करून पाहावी लागते. देवीचे मूळ ठाणे मात्र डोंगरावर, म्हणून त्याला मूळपीठ म्हणतात. वर जायला पायऱ्या आहेत, गाडीरस्ताही आहे. तरुणांनी पायऱ्याच धराव्यात असे माझे मत. ज्या संस्थानात शाळेतल्या मुलांना सूर्यनमस्कार सक्तीचे होते, तिथे गाडीने डोंगर चढणे बरे दिसत नाही!

सूर्यनमस्कारांचा हा ध्यास घेतलेले राजे म्हणजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८चा, गादीवर आले १९०९ साली. स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि गुणी माणसाला हाताशी धरणारे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा हवी होती, तेव्हा कुंडलजवळचा माळ यांनी दिला. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचे ठरवले, तेव्हा या छोट्या संस्थानाच्या राजाने एक लाख रुपयांचे वचन दिले. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर यांचे स्वाध्याय मंडळ कितीतरी वर्षे औंधातच होते.

डोंगराच्या वाटेवर लागते ते श्रीभवानी संग्रहालय. सुटीचा वार कोणता, ते मात्र निघण्यापूर्वी विचारून घ्या. १९३८ साली हे संग्रहालय उभे राहिले. आत रविवर्म्याची चित्रे आहेत, धुरंधरांची आहेत, बाळासाहेबांनी स्वतः रंगवलेली आहेत. हस्तिदंती आणि चंदनी कोरीवकाम आहे. पाश्चात्त्य चित्रांच्या नकला आहेत. आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराची आई आणि मुलाची दगडी मूर्तीही आहे. पुष्कळ मुले तिच्यावरून नुसती नजर फिरवून पुढे जातात. तुम्ही दोन मिनिटे थांबा. खटावच्या कोरडवाहू मुलखातल्या डोंगरावर ही मूर्ती कशासाठी आली, याचा विचार करा. राजाने हौसेने जमवलेली दौलत वाड्याच्या दाराआड राहिली असती, तरी त्याला कोणी जाब विचारला नसता. ती त्याने देवीच्या वाटेवर मांडली. यात्रेला आलेला शेतकरी जिथून जाणार, तिथेच रविवर्मा!

आता आणखी वर, मूळपीठापर्यंत जा. देवीचे दर्शन घ्या आणि तटाजवळ उभे राहून खाली पाहा. वाडा केवढासा दिसतो! माझ्या विद्यार्थ्याला मी उत्तर दिले ते इथे.

सत्तरी गाठलेल्या या राजाने १९३८च्या अखेरीस जाहीर केले की राज्याचा कारभार प्रजेच्या हाती द्यायचा. गांधीजींचा सल्ला घेतला गेला. राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे मूळचे पोलंडचे इंजिनिअर या कामात पुढे होते. २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची स्वराज्य घटना अमलात आली. तिची रचना खालून वर होती. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींच्या प्रमुखांची तालुका समिती व्हायची, आणि तिच्यातून संस्थानच्या विधिमंडळावर माणसे जायची. गावातले लहानसहान तंटे गावातच मिटवायचे, आणि महसुलाचा मोठा वाटा गावाच्याच कामी लावायचा. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. तिथे कैद्यांना भिंतीशिवाय, विश्वासावर शेती करायला ठेवले. शांतारामबापूंचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' या प्रयोगावरूनच सुचला.

हे सगळे चालले ते नऊ वर्षे. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि औंधची घटनाही संपली. विलीनीकरण योग्यच होते. बहात्तर विखुरलेल्या गावांचे वेगळे राज्य स्वतंत्र भारतात कशाला? पण त्याबरोबर गावाच्या हातात आलेला कारभारही पुन्हा दूरच्या कचेरीत गेला. ग्रामपंचायतींना राज्यघटनेत पक्के स्थान मिळायला पुढे १९९३ साल उजाडावे लागले.

हे ऐकून तोच मुलगा म्हणाला, "पण सर, राजानं दिलं म्हणून मिळालं. लोकांनी कुठं मिळवलं?" मला त्याचे कौतुक वाटले. प्रश्न खराच आहे. मी त्याला कुंडलची आठवण दिली. याच संस्थानातले हे गाव १९४३ नंतर साताऱ्याच्या प्रतिसरकारचे मोठे केंद्र झाले. म्हणजे एका हाताने दिले जात होते आणि दुसऱ्या हाताने मिळवलेही जात होते. दोन्ही हात याच मातीतले.

तेव्हा सहलीचा शेवट बसस्टँडवर करू नका. खाली उतरलात की ग्रामपंचायतीची कचेरी विचारा. फलक वाचा. ग्रामसभा केव्हा होते, किती माणसे येतात, हे कोणाला तरी विचारा. आणि घरी परतल्यावर तेच दोन प्रश्न आपल्या गावी विचारा. राजाने सोडलेली सत्ता लोकांनी उचलली की ती नुसती पडून राहिली, हे तिथे कळेल. वाडा लहान का, त्याचे उत्तरही तिथेच मिळेल.