विद्यापीठ आणि मैदान : कोइंब्राच्या 'आकादेमिका' फुटबॉल क्लबचा इतिहास

प्रस्तावना :
पोर्तुगीज फुटबॉलचा इतिहास बहुधा लिस्बन व पोर्तो येथील तीन बलाढ्य क्लबांभोवती मांडला जातो. मोंदेगो नदीकाठच्या कोइंब्रा या लहान शहरातील 'आकादेमिका' क्लबचे स्थान त्याहून वेगळे आहे. १५३७ पासून कोइंब्रात स्थिरावलेल्या प्राचीन विद्यापीठातील विद्यार्थी संघटनेतून हा क्लब उदयास आला.

जडणघडण :
ही विद्यार्थी संघटना १८८७ मध्ये स्थापन झाली. विद्यार्थ्यांच्या काळ्या झग्याचा रंग हाच संघाच्या गणवेशाचा रंग ठरला. १९३९ मध्ये पहिल्याच पोर्तुगीज चषक स्पर्धेत संघाने बेनफिकाचा ४-३ असा पराभव केला. १९६६-६७ मध्ये राष्ट्रीय साखळी स्पर्धेत त्याने दुसरे स्थान मिळविले. त्या काळी अनेक खेळाडू विद्यापीठात शिक्षणही घेत असत.

१९६९ चा अंतिम सामना :
१७ एप्रिल १९६९ रोजी गणित विभागाच्या इमारतीचे उद्घाटन राष्ट्राध्यक्ष आमेरिकू तोमाश यांच्या उपस्थितीत झाले. त्या वेळी विद्यार्थी प्रतिनिधीला बोलू दिले गेले नाही. त्यातून अटकसत्र, वर्गबहिष्कार व परीक्षाबहिष्कार घडले. २२ जूनच्या चषक अंतिम सामन्यात खेळाडू खांद्यावर झगे घेऊन संथ पावलांनी मैदानात उतरले. प्रेक्षागारात निषेधाचे फलक झळकले. राष्ट्राध्यक्ष अनुपस्थित राहिले आणि सामना दूरचित्रवाणीवर दाखविला गेला नाही. जादा वेळेत बेनफिकाने २-१ असा विजय मिळविला. तथापि हुकूमशाहीने भाषणाचा हक्क नाकारला असता क्रीडांगण हेच व्यासपीठ ठरले.

क्रांतीनंतरचा पेच :
२५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीने हुकूमशाही संपली. मात्र त्याच वर्षी व्यावसायिक फुटबॉल विद्यार्थी संघटनेत बसत नाही, या भूमिकेतून विद्यार्थ्यांनीच फुटबॉल विभाग बंद केला. संघ वेगळ्या नावाने खेळत राहिला व १९८४ मध्ये स्वायत्त घटक म्हणून मातृसंस्थेत परतला. २०१२ मध्ये स्पोर्टिंगला १-० असे नमवून त्याने ७३ वर्षांनी पुन्हा चषक जिंकला. पुढे २०१६ मध्ये पहिल्या व २०२२ मध्ये दुसऱ्या श्रेणीतूनही त्याची घसरण झाली.

निष्कर्ष :
विद्यार्थी संघटनेशी असलेल्या नात्याने क्लबला नैतिक बळ दिले. त्याच नात्याने व्यावसायिकतेच्या युगात त्याच्या अस्तित्वाचा प्रश्नही उभा केला. महाविद्यालयीन क्रीडेचे मोल केवळ पदकांवरून ठरविता येत नाही, हे या इतिहासातून स्पष्ट होते.